लेखकाआधी पुस्तक

शाळेत लेखक येणार असं ठरलं की सगळ्यात आधी शाल-श्रीफळाची यादी होते. मग रांगोळी कुणी काढायची, स्वागतगीत कोणत्या वर्गाचं, फळा कोण सजवणार, माइक कुणाच्या ताब्यात. येणाऱ्या पाहुण्यांचं एखादं तरी पुस्तक शाळेत आहे का, हा प्रश्न बहुतेक वेळा कुणाला पडतच नाही. मी देहूरोडला मराठी शिकवते आणि शाळेच्या ग्रंथालयाचा कार्यभारही माझ्याकडे आहे. आमच्यासारख्या कमी पटाच्या शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल मिळत नाही, त्यामुळे कपाटांच्या किल्ल्या भाषेच्या शिक्षकाच्या गळ्यात पडतात. त्या किल्ल्यांबरोबर लेखकांना बोलावण्याचं कामही माझ्याकडे आलं. बरीच वर्षं ते केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमातून एकही मूल वाचायला लागत नाही.

तो कार्यक्रम कसा असतो ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. पाचवीपासून दहावीपर्यंतची सगळी मुलं पटांगणात. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. यात पाऊण तास जातो आणि मग पाहुणे उठतात. ते हमखास ‘तुकाराम महाराजांच्या या पावन भूमीत’ अशी सुरुवात करतात. देहू गाव इथून पाच-सहा किलोमीटर आत आहे, पण स्टेशनच्या नावात देहू असल्यामुळे कुणाचीच सुटका होत नाही. मागच्या रांगेतली मुलं त्या वाक्याची वाटच बघत असतात आणि ते आलं की एकमेकांना कोपरं मारतात. पुढे वाचनाचं महत्त्व, मोबाइलचे तोटे, ‘आमच्या वेळी’. शेवटी आभार, राष्ट्रगीत आणि बिस्किटाचा पुडा.

ज्याने त्या माणसाचं एक पानही वाचलेलं नाही त्या मुलाला लेखक आणि वाहतूक सप्ताहात येणारे पोलीस हवालदार यांच्यात फरक का वाटावा? हवालदारांकडे निदान शिट्टी तरी असते.

देहूरोडची मुलं कोण आहेत तेही सांगायला हवं. हे कॅन्टोन्मेंटचं गाव. लष्कराचे डेपो आणि ऑर्डनन्स फॅक्टरी यांच्याभोवती वस्ती वाढत गेली. नोकरीच्या निमित्ताने तमिळ, तेलुगू, हिंदी बोलणारी कुटुंबं इथे आली आणि इथलीच झाली. अलीकडे तळेगाव-चाकणच्या कारखान्यांमुळे मराठवाड्यातून आलेली माणसं किवळे, विकासनगर या भागात भाड्याने राहतात. त्यामुळे मराठी माध्यमाच्या वर्गात घरी तमिळ, गल्लीत हिंदी आणि शाळेत मराठी अशी तीन दारं ओलांडून येणारं मूल असतंच. त्याच वर्गात एखाद्या मुलीच्या घरी दोन खोल्यांत पुस्तकांची अख्खी फळी असते. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दर वर्षी त्या दिवशी इथे माणसांची रीघ लागते आणि पुस्तकांचे स्टॉलही मांडले जातात. घरातल्या हातखर्चातून पुस्तक विकत घेणारी माणसं मी त्या गर्दीत पाहिली आहेत. वाचणारं घर म्हणजे बंगल्यातलं घर, ही समजूत निदान या गावात टिकत नाही.

आणि तरीही बहुतेक मुलांच्या लेखी लेखक म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या चौकटीतला माणूस. चौकटीत नाव, जन्माचं साल, एक आडवी रेघ आणि पुढे बहुधा दुसरं साल. एकदा एका लेखकांच्या भेटीची बातमी मी वर्गात सांगितली तेव्हा पाचवीतला एक जण अगदी काळजीने म्हणाला, ‘‘बाई, पण ते अजून आहेत ना?’’

म्हणून आम्ही क्रम उलटा केला. आधी पुस्तक येतं, लेखक नंतर. भेटीच्या तीन-चार आठवडे आधी त्या लेखकाच्या एका पुस्तकाच्या आठ-दहा प्रती आम्ही आणतो. कधी शिक्षक वर्गणी काढतात, कधी माजी विद्यार्थी देतात. वाचनाच्या तासाला मी ते पुस्तक मोठ्याने वाचते आणि ऐन मोक्याच्या जागी थांबते. पुढचं ज्याला कळायचं असेल त्याने प्रत मागून न्यावी. हा जुनाच धंदा आहे, मालिकावाले रोज करतात. प्रती कमी आणि मागणारे जास्त असं झालं की अर्धं काम होऊन जातं. मधल्या सुट्टीत तिघं-तिघं एका पुस्तकावर वाकलेली दिसतात. त्यातला जो भराभर वाचतो त्याला बाकीचे ‘थांब, पान उलटू नको’ म्हणून दटावत असतात.

वर्गाच्या दारात प्रश्नांसाठी खोका ठेवतो. त्यात मोठ्यांनी चिठ्ठी टाकायची नाही, हा एकच नियम. एकदा ‘आपल्या साहित्यनिर्मितीमागील प्रेरणा कोणती?’ अशी सुवाच्य चिठ्ठी निघाली. मुलांनी अक्षर लगेच ओळखलं आणि त्या बाईंकडे बघून पोट धरधरून हसली. मुलांचे स्वतःचे प्रश्न कसे असतात? ‘कुत्रा शेवटी हरवला तो सापडला का नाही?’ ‘आजी मेली तेव्हा लिहिताना तुम्ही रडलात का?’ ‘तुमच्या मुलांना तुमची पुस्तकं आवडतात का, खरं सांगा.’ हे ‘खरं सांगा’ बऱ्याच चिठ्ठ्यांत असतं.

एका भेटीविषयी सविस्तर सांगते. पुण्याहून लोकलने आलेले, बँकेतून निवृत्त झालेले एक बालसाहित्यिक. नाव घेत नाही, त्यांना ते रुचायचं नाही. पटांगण, व्यासपीठ काही नाही. सातवीचा वर्ग, बाक भिंतीला लावलेले, मुलं सतरंजीवर आणि ते खुर्चीत. मुलांनी वाचलेल्या त्या कुत्र्याच्या गोष्टीचे सगळे खर्डे त्यांनी कापडी पिशवीतून काढले आणि चक्क मुलांच्या हातात दिले. कागद पाठकोरे, बँकेच्या जुन्या फॉर्मांचे. निळ्या शाईत लिहिलेलं, वर काळ्या शाईत खोडलेलं, समासात पेन्सिलीने संपादकांच्या खुणा. एका अख्ख्या पानावर एकच वाक्य जिवंत राहिलं होतं. पहिल्या खर्ड्यात कुत्रा नव्हताच, तिथे मांजर होतं, हे कळल्यावर वर्गात मोठा गोंधळ झाला. मांजर कसं चालेल, मांजर काय स्टेशनपर्यंत मागे येतं का, अशी कडाक्याची चर्चा झाली. लेखक म्हणाले, ‘‘तेच तर मला चौथ्या खेपेला कळलं.’’

आमच्याकडे एक मुलगा होता, त्याच्या वह्यांत लाल शाईच जास्त. त्याने एक पान उचललं, खिडकीकडे नेऊन उजेडात धरलं आणि खोडलेल्या ओळीखाली काय होतं ते वाचायला लागला. मग वळून विचारलं, ‘‘सर, एवढी खाडाखोड केली तर तुम्हाला बाई ओरडत नाहीत?’’

‘‘ओरडतात की,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या संपादक बाईच आहेत. हे बघ, इथे लिहिलंय, ‘हे वाक्य कशाला?’’’

त्या मुलाचा पुढे मोठा वाचक झाला असं मी सांगणार नाही. त्याने ते पुस्तक नेलं, संपवलं, पुन्हा नेलं. त्यानंतर सापांवरची पुस्तकं मागितली. पावसाळ्यात त्यांच्या घराजवळ साप निघतात, त्यामुळे तो विषय त्याच्या कामाचा होता. ती दोन वाचली आणि मग त्याला क्रिकेट मिळालं. पण निबंधाच्या वहीत खोडून पुन्हा लिहायची त्याची भीती गेली, हे मी दर आठवड्याला बघत होते.

त्याच भेटीत पैशांचा प्रश्न निघाला. एका पुस्तकाचे तुम्हाला किती मिळतात? शिक्षक चपापले, लेखक मात्र उठून फळ्याकडे गेले. पुस्तकाची किंमत शंभर रुपये धरा. लेखकाला दहा टक्के. आवृत्ती हजार प्रतींची, ती संपायला तीन-चार वर्षं लागतात. करा हिशोब. मुलांनी केला आणि वर्ग हबकला. एक मुलगी म्हणाली, ‘‘एवढे तर माझी मम्मी पॅकिंगला जाते ना, तिला एका महिन्यात मिळतात.’’ ‘‘म्हणून तर मी तीस वर्षं बँकेत होतो,’’ ते म्हणाले. त्या उत्तराने मुलांचा त्यांच्यावर जेवढा विश्वास बसला तेवढा कुठल्याही सुभाषिताने बसला नसता. लेखक म्हणजे आभाळातून पडलेला माणूस नाही, नोकरी करून संध्याकाळी लिहायला बसणारा माणूस असतो, हे फळ्यावरच्या त्या गुणाकाराने त्यांना कळलं.

शेवटी एक मुलगी उभी राहिली. हिंदीत बोललं तर चालेल का, तिने विचारलं. दोघं-तिघं हसले. लेखक म्हणाले, चालेल, मात्र तू गोष्ट सांग, प्रश्न नको. तिने तिच्या आजीची गोष्ट सांगितली. तमिळ घरांतून सगळ्यांना माहीत असलेली: वडे तळणारी म्हातारी, तिचा वडा पळवणारा कावळा आणि कावळ्याला गायला लावणारा कोल्हा. अर्ध्यातच वर्ग ओरडला, ही तर आमचीच गोष्ट! पण आमच्यात वडा कुठे होता? आमच्यात मांसाचा तुकडा होता. मग खरी कोणाची, यावर पुन्हा वाद. लेखकांनी खिशातून डायरी काढून वडेवाल्या म्हातारीची नोंद केली. ती पोरगी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेआधीच कपाटापाशी हजर.

आता कपाटाविषयी. लेखक येऊन गेल्यावर पंधरा-वीस दिवस मुलांमध्ये वेगळंच वारं असतं. एरवी सहामाहीभर पुरणारं देवघेव वहीचं पान तेवढ्यात भरतं. त्या दिवसांत कपाट उघडं मिळालं तर मिळालं. बंद मिळालं की मुलं कबड्डीकडे वळतात आणि त्यांचं काही चुकत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावं असं म्हटलं आहे आणि कागदोपत्री ते असतंही. कुलूप का लागतं याचं कारण मात्र कायद्यात सापडत नाही, ते दाखल नोंदवहीत सापडतं. पुस्तक एकदा नोंदवहीत चढलं की ते ग्रंथालय सांभाळणाऱ्याच्या नावावर. हरवलं, फाटलं तर उत्तर त्यानेच द्यायचं, निर्लेखनाचे कागद त्यानेच नाचवायचे. मग तो बिचारा काय करतो? कुलूप लावतो. वीस वर्षं कोरी करकरीत राहिलेली पुस्तकं तपासणीला फार छान दिसतात.

यावर मी काढलेली वाट सरळ आहे. भेट आलेली पुस्तकं मी नोंदवहीत चढवतच नाही. वऱ्हांड्यात दोरी बांधली आहे, तिच्यावर ती कपड्यांसारखी लटकतात. ज्याला हवं त्याने काढावं, वाचावं, परत अडकवावं. काही जातात. फाटलेली आम्ही चिकटवतो, गेलेली गेली. नियमावर बोट ठेवणाऱ्यांना हे पटणार नाही, पण वाचनाची दोरी आता कितीतरी जिल्हा परिषद शाळांत दिसते आणि ती लावणारे शिक्षक माझ्यासारखेच विचार करून तिथवर आले असणार. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. त्यातल्या निवडक गोष्टी छापून मी दोरीवर टांगते. वडेवाल्या म्हातारीची गोष्ट सांगणारी ती मुलगी आधी त्याच घेऊन गेली. जोडाक्षरं कमी आणि चित्रं जास्त, म्हणून.

ज्यांच्याकडे पुस्तकंच नाहीत त्यांनी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेकडे बघावं. विनायक रानडे यांनी २००९ साली ती सुरू केली आणि तिथून निघालेल्या पुस्तकांच्या पेट्या कुठे कुठे पोचल्या. पेटी म्हटली की ती उघडावीशी वाटते, हा तिचा मोठाच फायदा.

लेखक जिवंतच असला पाहिजे असंही नाही. गो. नी. दांडेकर, आपले गोनीदा, तळेगाव दाभाड्याला राहत. देहूरोडहून लोणावळ्याच्या बाजूला निघालं की बेगडेवाडी, घोरावाडी आणि तिसरं स्टेशन तळेगाव. ते १९९८ साली गेले, त्यामुळे माझ्या मुलांना भेटायला काही येणार नाहीत. पण ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवर घडते आणि ‘पवनाकाठचा धोंडी’ तुंगच्या परिसरात. ही दोन्ही ठिकाणं आमच्या मावळातली. ‘पवनाकाठचा धोंडी’ मी नववीत वाचायला घेतली तेव्हा मामुर्डीच्या एका मुलाने हात वर केला. ‘‘बाई, म्हणजे आपल्या गहुंज्याच्या स्टेडियमजवळून जाते तीच पवना?’’ तीच. त्यानंतर त्या वर्गाने पुस्तक सोडलं नाही. भाषा जुनी, शब्द अडणारे, तरी सोडलं नाही. आपली नदी पुस्तकात जाऊ शकते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेला फुरसुंगीचा केला त्यामागची हुशारीही हीच. हडपसरच्या पुढच्या गावातला किडकिडीत पोरगा जगभर धडपडू शकतो, तर देहूरोडचा का नाही?

गोनीदांच्या कादंबऱ्यांची अभिवाचनं डॉ. वीणा देव, डॉ. विजय देव आणि त्यांच्या कुटुंबाने वर्षानुवर्षं केली. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर गावोगाव कविता म्हणत फिरले. डॉ. अनिल अवचट मुलांत बसले की कागदाच्या घड्या घालून पक्षी करत, बासरी वाजवत आणि मग बोलत. लिहिणारा माणूस समोर येऊन वाचून दाखवतो, ही प्रथा आपल्याकडे कुणी बाहेरून आणायची गरज नाही. तरी बाहेरची एक गोष्ट मला घ्यावीशी वाटते. वेल्समधल्या एका प्राथमिक शाळेने २०१२ साली एका लेखिकेला शाळेची ‘वाचन-पालक’ नेमलं. ती एकदा येऊन जात नाही, शाळेशी बांधलेली राहते, पत्रं लिहिते, पुन्हा येते. ब्रिटनमधल्या इतर शाळांनीही मग ते उचललं. आम्ही आमच्या बँकवाल्या लेखकांना तेच सांगितलं. मुलं त्यांना पोस्टकार्डं लिहितात. पन्नास पैशांचं कार्ड अजून मिळतं, हे मुलांना त्या निमित्ताने कळलं. ते उत्तरं पाठवतात, त्यांचं आलेलं कार्ड वर्गात फिरतं आणि आठ दिवसांत त्याच्या कडा मऊ होतात.

एक कडू गोष्टही लिहिते. ‘आम्ही मानधन घेत नाही’ असं आवर्जून सांगणारे काही जण येतात आणि बरोबर पुस्तकांचे गठ्ठे आणतात. भाषण झालं की दारात टेबल लागतं, पाच पुस्तकांचा संच, आज खास सवलतीत. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला सहीचं पुस्तक आणि लेखकाबरोबर फोटो. बाकीची मुलं बाजूला उभी राहून बघतात. ती त्या दिवशी पुस्तकाविषयी जे शिकतात ते मला त्यांना शिकवायचं नाही. आता आमच्याकडे विक्री बंद. सही ग्रंथालयाच्या प्रतीवर आणि मुलांच्या वह्यांवर. सहीची प्रत सगळ्यांना हवी असते, त्यामुळे तिच्यासाठी नंबर लागतात आणि ती सगळ्यात आधी खिळखिळी होते. दोनदा शिवून घेतली आहे.

मानधनाचं मात्र काहीतरी व्हायला हवं. मंडपवाल्याला पैसे मिळतात, स्पीकरवाल्याला मिळतात, फोटोवाल्याला मिळतात आणि ज्याच्यासाठी हे सगळं उभं केलं तो नारळ घेऊन परतीच्या लोकलची वाट बघत बसतो. तो संकोचाने मागत नाही, म्हणून आपण देत नाही. मंडप आणि शाल वाचवली तर त्यात लेखकाचं प्रवासभाडं, बऱ्यापैकी मानधन आणि पुस्तकाच्या दहा प्रती बसतात, हे मी मुख्याध्यापकांना कागदावर मांडून दाखवलं आहे. ते हिशोबी आहेत, त्यांना पटलं.

१५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. सप्टेंबर सरत आला की आजूबाजूच्या शाळांतून मला फोन येतात: एखादा लेखक सुचवा ना, पंधरा तारखेला मोकळा असलेला. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं आणि इथेही तेच लिहिते. तारीख नोव्हेंबरमधली घ्या, सगळा महाराष्ट्र एकाच दिवशी लेखक शोधत असतो. एकच वर्ग बसवा, पटांगण नको. त्यांचं एक पुस्तक आत्ता मागवा, दहा प्रती, आणि उद्यापासून वर्गात वाचायला घ्या. दोन आठवड्यांनी मुलं पुढचं पान मागायला लागली तर मला फोन करा, लेखकांचे नंबर मी देते.